मुंबईचा ओझोन आणि शंभर किलोमीटरचा चौकोन

"उत्सर्जन एवढे टक्के कमी केलं तर मुंबईतला ओझोन एवढ्याने घटेल" अशा छापाची बातमी वाचली की आधी एक गोष्ट तपासायची: हा आकडा ज्या मॉडेलमधून आला, त्यात मुंबई केवढी आहे?

सीईएसएम-२ हे अमेरिकेच्या एनसीएआर या संस्थेचं मॉडेल घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालाला हवामान मॉडेलांच्या ज्या प्रयोगमालिकेचा आधार होता, त्या सीएमआयपी-६ मध्ये ते होतं. त्याचं नेहमीचं जाळं रेखांशात १.२५ अंशांचं आणि अक्षांशात ०.९४ अंशांचं आहे. आपल्या अक्षांशावर त्याचा एक चौकोन साधारण १३० किलोमीटर रुंद आणि १०५ किलोमीटर उंच होतो. मुंबई ज्या चौकोनात येते तो पश्चिमेला ७१.८८ पासून पूर्वेला ७३.१२ रेखांशापर्यंत आणि दक्षिणेला १८.८५ पासून उत्तरेला १९.७९ अक्षांशापर्यंत पसरलाय. उरण आत, अलिबाग बाहेर. पालघर आत. कल्याण अगदी काठावर आणि कर्जत शेजारच्या चौकोनात. किनारा ७२.८ च्या आसपास धरला तर या चौकोनाचा जवळपास पाऊण भाग निव्वळ अरबी समुद्र आहे. सुमारे साडेतेरा हजार चौरस किलोमीटरपैकी बृहन्मुंबई सहाशे, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आत.

मॉडेल हा सगळा चौकोन एकजिनसी धरतं. सायनच्या सिग्नलवर सोडलेला धूर त्याच टाइमस्टेपमध्ये, म्हणजे मॉडेलच्या वेळेच्या एका पावलात, डहाणूच्या दिशेच्या समुद्रापर्यंत सारखा पसरतो. तापमानाच्या बाबतीत ही सरासरी फार महागात पडत नाही. ओझोनच्या बाबतीत मात्र नुसता आकडा नाही, उत्तराचं चिन्हच उलटू शकतं. का, ते समजायला थोडी रसायनं लागतील.

जमिनीलगतचा ओझोन कुठल्याही चिमणीतून किंवा सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही, तो हवेत बनतो. साधारण ४२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशाने नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. पण त्याच वेळी सुटलेला नायट्रिक ऑक्साइड हाच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. जमाखर्च शून्य. शिल्लक उरते ती तिसरा गडी आल्यावर. पेट्रोलची वाफ, रंगातले थिनर, झाडांचं आयसोप्रीन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन यांच्यावर हायड्रॉक्सिल रॅडिकल या अतिक्रियाशील रेणूने हल्ला केला की पेरॉक्सी रॅडिकल बनतात. ते नायट्रिक ऑक्साइडचं रूपांतर ओझोन न खर्चता करून देतात, त्यामुळे ओझोन साठत जातो.

मेख पुढे आहे. नायट्रोजनचे ऑक्साइड, ज्यांना या धंद्यात सगळे 'नॉक्स' म्हणतात, फार झाले की नायट्रोजन डायऑक्साइड हायड्रॉक्सिललाच पकडून नायट्रिक आम्ल बनवतो आणि साखळी तिथेच तुटते. म्हणजे नॉक्स कमी असलेल्या हवेत आणखी नॉक्स टाकला तर ओझोन वाढतो आणि नॉक्सने भरलेल्या हवेत टाकला तर घटतो. उलटही तितकंच खरं: गच्च वाहतुकीच्या भागात फक्त नॉक्स कापला तर ओझोन वर जातो. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत देशातल्या अनेक शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड धाडकन खाली आला, ओझोन मात्र त्या प्रमाणात उतरला नाही, काही ठिकाणी वाढला. यात चमत्कार काही नव्हता.

आता परत चौकोनाकडे. रस्त्याकडेला समजा नॉक्स शंभर पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज रेणूंमागे शंभर, आहे. तो या चौकोनभर पसरला की एक-दोन पीपीबीवर येतो. पातळ झालेल्या नॉक्सचा प्रत्येक रेणू नष्ट होण्याआधी जास्त ओझोन बनवून जातो. म्हणून ढोबळ जाळ्याची मॉडेलं शहराभोवती ओझोन जास्त दाखवतात. एवढ्यावर थांबलं असतं तर ठरावीक आकडा वजा करून भागलं असतं. पण पातळ हवेत राहणारं हे मॉडेल स्वतःला 'नॉक्स कमी' असलेल्या गटात समजतं. त्याला विचारलं की नॉक्स ३० टक्के कापला तर काय, ते सांगणार: ओझोन घटेल. तीन किलोमीटरच्या जाळ्याचं प्रादेशिक मॉडेल त्याच प्रश्नाला सायन-बीकेसीकडे वाढ आणि वाऱ्याच्या पुढच्या टप्प्यावर, बदलापूर-कर्जतकडे, घट दाखवू शकतं. दोन्ही उत्तरं आपापल्या मापाला धरून बरोबर आहेत. खंडभराचा ओझोन आणि त्याने होणारी तापमानवाढ मोजायची असेल तर पहिलं उपयोगाचं. दादरला राहणाऱ्या दम्याच्या रुग्णाच्या श्वासाचा विचार असेल तर पहिलं उत्तर वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॉडेलात ओझोन खेळता आहे की लिहून दिलेला?

हा प्रश्न बातमीत कधीच येत नाही. सीएमआयपी-६ मधल्या बऱ्याच मॉडेलांत ओझोनचं रसायनशास्त्र चालतच नाही. ओझोन आधीच तयार केलेल्या फाइलमधून महिन्यागणिक वाचला जातो. ती फाइल सीमॅम आणि वॅकम या दोन रसायन-हवामान मॉडेलांच्या सरासरीतून बनवलेली होती. अशा मॉडेलात नॉक्सचं उत्सर्जन दुप्पट करा नाहीतर शून्य, ओझोन जागचा हलत नाही, कारण तो फाइलमध्ये आहे. उत्सर्जनाला ओझोन कसा प्रतिसाद देतो हे विचारायचं तर रसायन चालू असलेलीच मॉडेलं हवीत: सीईएसएम-२ वॅकम, ब्रिटनचं यूकेईएसएम-१, अमेरिकेच्या जीएफडीएलचं ईएसएम-४, जपानचं एमआरआय-ईएसएम-२, नासाच्या जीआयएसएसचं. संख्या एवढी कमी असण्याचं कारण खर्च. शे-दीडशे रासायनिक पदार्थ प्रत्येक चौकोनात, प्रत्येक थरात, दर अर्ध्या तासाला पुढे न्यायचे म्हणजे तेच शतक चालवायला मशीनचा वेळ कित्येक पट लागतो.

त्यातही गणित अडेलतट्टू. हायड्रॉक्सिलचं आयुष्य सेकंदापेक्षा कमी, मिथेनचं सुमारे नऊ वर्षं, आणि दोघं एकाच समीकरणसंचात. सरळसोट पद्धतीने सोडवायला गेलं तर टाइमस्टेप सेकंदाच्या अंशाचा घ्यावा लागेल, म्हणून मोठ्या टाइमस्टेपलाही न कोसळणारे, रोझेनब्रॉकसारखे इम्प्लिसिट सॉल्व्हर वापरतात. शिवाय रसायनं आधीच छाटलेली असतात. लीड्समध्ये घडलेल्या मास्टर केमिकल मेकॅनिझममध्ये सतरा हजारांच्या आसपास अभिक्रिया आहेत. जागतिक मॉडेलात त्यातल्या काही शेच येतात, बाकीच्यांची मोट बांधून 'मोठे अल्केन', 'टोल्युइन आणि तत्सम' अशा गठ्ठ्यांत टाकलेली.

उत्सर्जनाची फाइल

माझ्या मते निम्म्याहून अधिक घोळ इथेच होतात, मॉडेलच्या भौतिकीत नाही. सीएमआयपी-६ साठी वापरलेली सेड्स इन्व्हेंटरी, म्हणजे कुठे किती उत्सर्जन होतं याची नोंदवही, अर्ध्या अंशाच्या जाळ्यावर, महिन्याला एक आकडा अशी आहे. महिन्याचा आकडा तसाच वापरला तर मॉडेलातली मुंबई पहाटे तीनला आणि सकाळी नऊला सारखाच धूर सोडते. प्रादेशिक कामात डब्ल्यूआरएफ-केम हे मॉडेल चालवताना लोक एडगारसारखी ०.१ अंशाची फाइल घेतात आणि तिच्यावर दिवसाच्या चोवीस तासांचा उतार-चढाव स्वतः बसवतात.

नेमका इथे भारताचा अर्धा तास आडवा येतो. मॉडेल यूटीसीवर चालतं, आपण साडेपाच तास पुढे. सकाळी नऊची गर्दी यूटीसीत साडेतीनला यायला हवी. तासाच्या फाइलीत साडेतीन नावाचा कप्पाच नाही, म्हणून तीनच्या आणि चारच्या कप्प्यात निम्मं-निम्मं वाटावं लागतं. ते सरकवायचंच राहून गेलं तर नऊची गर्दी मॉडेलात दुपारी अडीचला होते, ऐन उन्हात. लक्षण ओळखीचं आहे: दुपारी ओझोनच्या आलेखात खड्डा, आणि सकाळी हवा मोजणाऱ्या केंद्रावर दिसणारी नायट्रोजन डायऑक्साइडची उसळी मॉडेलात गायब. हे दिसलं की रसायनाच्या मेकॅनिझमला हात लावायच्या आधी वेळ तपासा. वायूंचं एककही त्याच वेळी पाहून घ्या. डब्ल्यूआरएफ-केमला मोल प्रति चौरस किलोमीटर प्रति तास हवं असतं, इन्व्हेंटरी बहुधा किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद देते, आणि रेणुभाराने भागायचं राहिलं की आकडे दहापटींनी चुकतात. नॉक्सचा भार नायट्रिक ऑक्साइड धरून दिलाय की नायट्रोजन डायऑक्साइड, हेही फाइलच्या माहितीत वाचायचं. ३० आणि ४६ मधला फरक दीडपटीचा आहे.

व्हीओसींचं, म्हणजे पेट्रोल-थिनरसारख्या चटकन वाफ होणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचं, दुखणं वेगळं. इन्व्हेंटरीत एका ओळीत 'मिथेनखेरीज इतर व्हीओसी' एवढे किलोटन असं असतं. मॉडेलला ते टोल्युइन, झायलीन, प्रोपेन, इथिलीन असे फोडून द्यावे लागतात. झायलीन काही तासांत जळून ओझोन देतं, प्रोपेन आठवडाभर फिरत राहतं. माहुलच्या रिफायनऱ्या, चेंबूर-तुर्भ्याचे कारखाने, पेट्रोल पंपावरची वाफ, बांधकामावरचे रंग आणि थिनर, या प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. परदेशी शहरासाठी बनवलेली टक्केवारी इथे तशीच चिकटवली तर एकूण किलोटन अचूक असूनही ओझोनचा वेग चुकतो. बाहेर नांगर टाकून उभी असलेली आणि न्हावाशेव्याला लागणारी जहाजं हा आणखी एक भाग. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत त्यांचा नॉक्स पडतो आणि ढोबळ जाळं तो ताबडतोब पातळ करतं, म्हणजे जास्त ओझोन काढायला अगदी आदर्श परिस्थिती.

खारे वारे, मतलई वारे आणि सह्याद्रीचा उतार

दुपारी खारे वारे सुटले की मुंबईचा धूर ठाणे, भिवंडी, बदलापूरच्या दिशेने सरकतो आणि वाटेत ओझोन बनत जातो. रात्री मतलई वारे उरलेला माल समुद्रावर नेऊन ठेवतात. समुद्रावर ओझोन जमिनीइतका झपाट्याने खर्च होत नाही. हिरव्या जमिनीवर दिवसा तो सेकंदाला साधारण अर्धा सेंटिमीटर वेगाने बसतो, पाण्यावर त्याच्या दहाव्या हिश्श्याने. दुसऱ्या दिवशी तोच साठा परत शहरावर येतो. म्हणून मॉडेलचा चौकोन 'पाणी' आहे की 'जमीन' हा प्रश्न वरवरचा वाटला तरी तसा नाही. पाऊणभर समुद्र असलेल्या चौकोनात ओझोनचा खर्च बहुतांशी समुद्राच्या दराने होतो आणि शहरावर आकडा फुगतो. प्रादेशिक मॉडेलात जमीनवापराचा जुना नकाशा असेल तर नवी मुंबई, वसई-विरार शेतीच म्हणून दिसतात, आणि शेतीवर ओझोन काँक्रीटपेक्षा वेगाने बसतो, म्हणजे चूक उलट्या दिशेने.

ढोबळ मॉडेलात सह्याद्रीसुद्धा भिंत राहत नाही, घसरगुंडी होतो. खरा वारा घाटाखाली अडखळतो, मॉडेलातला सरळ चढून देशावर जातो. पश्चिम किनाऱ्याचं काम करायचं असेल तर २७-९-३ किलोमीटर अशी एकात एक जाळी लावायची रीत आहे, त्यातलं तीन किलोमीटरचंच खाडी आणि घाट जरा तरी ओळखतं. बाहेरच्या मोठ्या जाळ्याच्या कडेवर जागतिक मॉडेलचा ओझोन भरावा लागतो, आणि जागतिक मॉडेल दहा पीपीबी चढं असेल तर तेच चढं पाणी आत शिरतं. पहिले काही दिवस स्पिन-अप, म्हणजे मॉडेल स्थिरावण्याचा काळ, म्हणून टाकून द्यायचे असतात, पण कडेवरची चूक स्पिन-अपने धुतली जात नाही.

पावसाळ्यात मुंबईचा ओझोन वर्षातल्या नीचांकावर असतो: समुद्राची स्वच्छ हवा, ढग, कमी ऊन. इथे मॉडेलं दोन कारणांनी घसरतात. ढग चौकोनभर पातळ पसरवले की खाली ऊन किती पोचतं याचा हिशेब चुकतो आणि त्याबरोबर प्रकाशाच्या अभिक्रियाही. दुसरं कारण विजांचं. विजेच्या उष्णतेने हवेतल्या नायट्रोजनचा नॉक्स होतो, जगभरात वर्षाला दोन ते आठ टेराग्रॅम नायट्रोजन एवढा. प्राइस आणि रिंड यांचं १९९२ चं सूत्र आजही अनेक मॉडेलांत आहे. ते जमिनीवरच्या विजांची संख्या ढगमाथ्याच्या उंचीच्या ४.९ व्या घातावर ठरवतं. ढगमाथा फक्त १० टक्के उंच निघाला तरी विजा जवळपास ६० टक्क्यांनी वाढतात. वरच्या थरांत नॉक्स विरळ असल्याने तिथे त्याचा ओझोन भरपूर होतो. म्हणजे पावसाळी ढगांची उंची चुकली की दहा-बारा किलोमीटरवरचा ओझोन चुकतो आणि दोष भलत्याच उत्सर्जनावर जातो.

केंद्राच्या आकड्यांशी ताडताना

मॉडेल आणि मोजमाप शेजारी ठेवताना पहिली काळजी एककांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) पोर्टलवर ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मिळतात, नॉक्स पीपीबीत, कार्बन मोनॉक्साइड मिलिग्रॅममध्ये. २५ अंश सेल्सिअसला ओझोनचा एक पीपीबी म्हणजे १.९६ मायक्रोग्रॅम, नायट्रोजन डायऑक्साइडचा १.८८. भारताचं आठ तासांचं मानक १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे सुमारे ५१ पीपीबी. एका तासाचं १८०.

चोवीस तासांची सरासरी ताडू नये. रात्री रस्त्यालगत नायट्रिक ऑक्साइड ओझोनचा फडशा पाडून तो शून्याजवळ नेतो. मॉडेलचा सगळ्यात खालचा थर मात्र शंभर-सव्वाशे मीटर जाडीचा असतो, त्यात वरचा ओझोन मिसळत राहतो आणि रात्रीचा आकडा वीस-तीस पीपीबीवर अडकतो. केंद्राची नळी जमिनीपासून काही मीटरवर, मॉडेलचा बिंदू साठ मीटरवर. दिवसातल्या कमाल आठ तासांची सरासरी घेतली की दुपारची, चांगली घुसळलेली हवा मोजली जाते आणि तुलना न्याय्य होते.

दुसरी युक्ती फार कामाची आहे, तरी कमी वापरली जाते. ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांची पीपीबीतली बेरीज करा. नायट्रिक ऑक्साइडने ओझोन खाल्ला तर एक घटतो, दुसरा तेवढाच वाढतो, बेरीज जागेवर राहते. मॉडेलची बेरीज केंद्राशी जुळते पण ओझोन जुळत नाही, तर दोष जाळ्याच्या आकारात किंवा केंद्र रस्त्याला फार लागून असण्यात आहे, रसायन ठीक आहे. बेरीजच जुळत नसेल तर मग व्हीओसी, कडेवरून येणारा ओझोन किंवा प्रकाशाच्या अभिक्रिया पाहायच्या. मुंबईच्या हिवाळी धुरक्यात हे तिसरं विशेष. कण प्रकाश अडवतात आणि काही रॅडिकलही गिळतात. चीनमध्ये २०१३ नंतर पीएम २.५ झपाट्याने उतरले आणि उन्हाळी ओझोन चढला, त्यामागे कण कमी झाल्याचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहे. धूळ-धूर कमी करण्याच्या योजनेचा ओझोनवर काय परिणाम होईल हे विचारताना मॉडेलात कण आणि वायू एकमेकांशी बोलतात का, हे आधी बघायचं.

केंद्राचा डेटाही डोळे मिटून घ्यायचा नाही. ओझोनचा मापक २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर चालतो. नळीतला फिल्टर मळला की ओझोन वाटेतच मरतो आणि आकडे आठवडाभर हळूहळू उतरतात. तासन्‌तास एकच आकडा, दशांशासकट, येत असेल तर तो हवेचा नाही, यंत्राचा.

नॉक्स, व्हीओसींपलीकडे एक मोठा खेळाडू आहे आणि शहराच्या चर्चेत तो येत नाही: मिथेन. १७५० मध्ये तो सुमारे ७२९ पीपीबी होता, २०१९ मध्ये १८६६. तो सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून त्याचा ओझोनही सगळीकडे वाढतो, मुंबईच्या समुद्राकडून येणाऱ्या 'स्वच्छ' हवेतसुद्धा. देवनारच्या कचऱ्यातून निघालेला मिथेन मुंबईवर नाही, पृथ्वीभर ओझोन बनवतो. मॉडेलातली अडचण अशी की बहुतेक ठिकाणी मिथेनचं उत्सर्जन दिलं जात नाही, जमिनीलगतचं प्रमाणच ठरवून दिलं जातं. कारण त्याचं आयुष्य दशकाचं, समतोल यायला बरीच वर्षं चालवावं लागेल. त्यामुळे नॉक्स वाढवल्यावर हायड्रॉक्सिल वाढतो, मिथेन घटायला हवा, आणि त्यामुळे पुढच्या दशकात ओझोन थोडा कमी व्हायला हवा, ही उलटी साखळी मॉडेलात दिसतच नाही. ती हिशेबात घ्यायला नंतर कागदावर दुरुस्ती करतात. पेपरात ही दुरुस्ती केली की नाही, हे पद्धतीच्या भागात एका वाक्यात असतं. ते वाक्य नसेल तर नॉक्सचा दीर्घकालीन परिणाम फुगवलेला समजावा.

आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात मिथेनची फक्त स्वतःची उष्णता ०.५४ वॅट प्रति चौरस मीटर आहे. पण उत्सर्जनाच्या बाजूने, म्हणजे त्यातून बनलेल्या ओझोनसकट, मोजली की १.२१ होते. एकूण ओझोनबदलाचा वाटा ०.४७, आणि अनिश्चितता ०.२४ ते ०.७१ एवढी ऐसपैस. कार्बन डायऑक्साइडच्या २.१६ च्या मानाने ओझोनचा पट्टा एवढा रुंद असण्याचं मोठं कारण म्हणजे औद्योगिक क्रांतीआधी ओझोन किती होता हे कुणी नीट मोजलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात रंग बदलणाऱ्या कागदावर मोजायचे, ओलाव्याने तो कागद फसायचा. मॉडेलं सांगतात, १८५० पासून तपांबरातला, म्हणजे वातावरणाच्या सगळ्यात खालच्या थरातला, ओझोन सुमारे ४५ टक्क्यांनी वाढला, आज तो साधारण ३५० टेराग्रॅम आहे. बर्फात अडकलेल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून २०१९ मध्ये आलेलं मोजमाप म्हणतं, वाढ ४० टक्क्यांपेक्षा कमी. एवढ्या आडवळणाच्या पुराव्याशी मॉडेल इतकं जवळ येतं, हे मला तरी दिलासा देणारं वाटतं.

वरच्या ओझोनबद्दल थोडक्यात. १५ ते ३५ किलोमीटरवरच्या थरात एकूण ओझोनचा नव्वद टक्के भाग आहे. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जाहीर झालं तेव्हा त्या वेळच्या मॉडेलांनी ते आधी सांगितलं नव्हतं, कारण उणे ७८ अंशांखाली बनणाऱ्या ध्रुवीय ढगांच्या कणांवरची क्लोरीनची रसायनं त्यांत नव्हतीच. सीएफसी होते, वारे होते, कणांचा पृष्ठभाग नव्हता. ती अभिक्रिया घातल्यावर छिद्र मॉडेलात उमटलं. आता १९८७ च्या माँट्रियल करारानंतरची मॉडेलं सांगतात की अंटार्क्टिकाचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, बहुतेक जगाचा २०४० च्या आसपास. मुंबई मात्र उष्ण कटिबंधात, इथे थर मुळातच पातळ, साधारण २५० ते २८० डॉब्सन (ओझोनच्या थराची जाडी मोजायचं एकक). हरितगृह वायूंनी वरचं स्थितांबर, म्हणजे तपांबराच्या वरचा हा ओझोनचा थर असलेला भाग, थंड होतो, तिथे ओझोन वाढतो. पण त्याच वायूंनी विषुववृत्ताजवळून हवा वर नेणारं अभिसरण वेगवान होतं आणि खालच्या स्थितांबरात ओझोन घटतो. क्लोरीन संपूनही आपल्या डोक्यावरचा एकूण ओझोन जुन्या पातळीला परत न येण्याची शक्यता याच ओढाताणीतून येते. नायट्रस ऑक्साइड, ज्याचं मानवी उत्सर्जन बहुतांश शेतीतून होतं, आज ओझोन नष्ट करणाऱ्या मानवी उत्सर्जनांत पहिल्या क्रमांकावर आहे, आणि तो माँट्रियल कराराच्या कक्षेत नाही.

घरबसल्या हे पडताळून बघायचं असेल तर सीएमआयपी-६ चा डेटा ईएसजीएफच्या पोर्टलवर फुकट आहे. 'एसएसपी-३७०' आणि 'एसएसपी-३७० लोएनटीसीएफ' या दोन प्रयोगांची महिन्याच्या ओझोनची फाइल एकाच मॉडेलची घ्या आणि वजाबाकी करा. दुसऱ्या प्रयोगात कण आणि ओझोनचे पूर्वगामी, म्हणजे ज्यांतून ओझोन बनतो ते, वायू दोन्ही कापलेत, मिथेन मात्र नाही. मिथेनही कापलेला प्रयोग वेगळ्या नावाने आहे. एका मॉडेलच्या एका रनवर विसंबू नका, निदान तीन रन आणि वीस वर्षांची सरासरी घ्या, नाहीतर एखाद्या ओल्या-कोरड्या पावसाळ्याचा फरकच उत्सर्जनाचा परिणाम म्हणून हाती येईल. मुंबईचा आकडा काढताना जवळचा बिंदू घेणारी आज्ञा बिनदिक्कत समुद्राचा चौकोन उचलते, म्हणून शेजारचा पूर्वेकडचा चौकोनही काढून दोन्ही बाजूला ठेवा. ओझोन मोल प्रति मोलमध्ये असतो, एक अब्जने गुणलं की पीपीबी. आणि थरांचा क्रम बघा. काही मॉडेलांत पहिला थर जमिनीचा असतो, काहींत आकाशाचा. मुंबईच्या जमिनीवर काही हजार पीपीबी ओझोन दिसू लागला तर फाइल उलटी वाचली जातेय.